खोली एकच आहे: चालती रेल्वे मांडू की स्टॅटिक मॉडेल्स?

मोतीझील_लोकल
नमस्कार मंडळी. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या जुन्या घराच्या माडीवरची एक खोली रिकामी झाली आहे. दहा बाय नऊ फूट, पश्चिमेला खिडकी, भिंतीत दोन कोनाडे. सध्या ती माझ्या नावाने सोडली आहे. तिथे गव्हाच्या कोठ्या ठेवायचं कुणाच्या मनात यायच्या आत काहीतरी मांडून ठेवायचं आहे.

मन दोन्हीकडे ओढतंय. घोसीपुऱ्यावरून नॅरोगेज जाताना बघत मोठा झालो, तेव्हा चालती रेल्वे हवीच. आणि ग्वाल्हेरात राहून डोक्यावरून मिराज गेल्यावर मान वर न करणारा माणूस विरळा, म्हणून विमानांची प्लास्टिक किट्सही खुणावतात. महिन्याला दोन-तीन हजारांवर जाणार नाही. सोल्डरिंग चांगलं येतं, रंगकामाशी कधी संबंध आला नाही. जवळचं बघायला चष्मा लागतो.

दोन्ही करा, असं कृपया कुणी सांगू नका. एकच सांगा आणि का ते सांगा.

मीटरगेज_इंदूर
रेल्वे. यात विचारायचं काय?

स्टॅटिक मॉडेल पुरं झालं की कपाटात जातं आणि माणूस पुढच्या किटची पेटी उघडतो. रेल्वेत रूळ टाकून झाल्यावर खेळ सुरू होतो. मालगाडी कुठल्या सायडिंगला घालायची, पॅसेंजर यायच्या आत लाइन कशी मोकळी करायची, कुठला सांधा (गाडी दुसऱ्या रुळावर वळवणारा) आधी फिरवायचा.

माझ्याकडे आमच्या पाताळपाणी-कालाकुंड घाटाचा तुकडा आहे. खरा चढ ४० ला १. कागदावर किरकोळ वाटतो, पण साडेसात सेंटीमीटर उंची गाठायला तीन मीटर रूळ लागतो. एक भिंत त्यातच संपते. खऱ्या घाटात मागून बँकर इंजिन लावायचे, तसं मीही लावतो. मागचं इंजिन पुढच्यापेक्षा किंचित जरी जोरात निघालं तरी वळणावर मधले रिकामे डबे बाहेर फेकले जातात. मग डीकोडरमध्ये (इंजिनातली वेग सांभाळणारी चिप) जाऊन दोघांचे वेग पायरीपायरीने जुळवायचे. हे सुख कपाटातलं विमान देणार आहे का?

रंगारीण
इंदूरकर दादा, तुमच्या घाटाचे फोटो मी पाहिले आहेत. गाडी सुरेख धावते. डोंगर मात्र थर्माकोलचा आहे हे लांबूनच कळतं.

धागाकर्ते, मी तुमच्याच गावातली, मुरारला राहते. माझं मत स्टॅटिक. पहिलं कारण पैसे. १:७२ चं (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं) मध्यम विमान तुमच्या महिन्याच्या रकमेत बसतं आणि नीट केलं तर दोन-तीन महिने पुरतं. रेल्वेत इंजिन, कंट्रोलर, रूळ आणि एखादा सांधा घरात येईपर्यंत काहीच हलत नाही, आणि त्यातलं बहुतेक बाहेरून येतं, वर आयात शुल्क. म्हणजे सहा महिने नुसते पैसे साठवत बसायचं.

दुसरं, नजर. मिराज २००० साधारण १४.३६ मीटर लांब. १:७२ मध्ये २० सेंटीमीटर, १:४८ मध्ये ३० सेंटीमीटर, म्हणजे वहीच्या ए-फोर कागदाएवढा. तेवढ्या जागेत तुम्हाला दाखवायचं असतं की हे विमान उन्हात उभं राहिलेलं आहे, याची डावी बाजू जास्त विटली आहे, इथून तंत्रज्ञ वर चढतात म्हणून रंग घासला गेला आहे. दोन भागांच्या जोडाची शिवण भरून घासायची, प्रायमर मारायचा, खाचांमध्ये पातळ काळपट वॉश सोडायचा, डिकॅल (चिन्हांचे, आकड्यांचे पातळ छाप) बसवायचे. हे शिकल्यावर तुम्ही रस्त्यावरची गंजलेली टपरीसुद्धा निराळ्या नजरेने बघायला लागता.

कोथरूडकर
स्टॅटिकवाल्यांच्या पलंगाखाली न उघडलेली किती किट्स असतात, तेही सांगा ताई. दोन-तीन महिन्यांना एक बनवायचं आणि महिन्याला दोन विकत घ्यायची. पैशांचा हिशोब तिथे बसतो.

आणि कुणी काहीही सांगो, धागाकर्त्यांनी आधी पुण्यात येऊन जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघावं. भाऊ जोशींनी जन्मभर खपून उभं केलं, १९९८ पासून लोकांना खुलं आहे. शो सुरू झाला की शहरात रात्र होते, दिवे लागतात, गाड्या सुटतात. ते बघून बाहेर आलेला माणूस विमान घेतो का रूळ, आपण बघूच.

रंगारीण
पलंगाखालचा विषय घरच्यांनी वाचला तर पंचाईत आहे. पुढे चला.

डभोई_जंक्शन
वडोदऱ्याहून. मला वाटतं प्रश्नच थोडा आडवा पडला आहे. रेल्वे म्हणजे कुठली रेल्वे, हे आधी ठरवा.

बाजारात सगळ्यात जास्त मिळतं एचओ, म्हणजे १:८७. त्याचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६.५ मिलिमीटर, कारण त्यांचा स्टँडर्ड गेज १४३५. आपला ब्रॉडगेज १६७६, तो एचओमध्ये १९.३ व्हायला हवा. त्यामुळे आपली डब्ल्यूडीएम किंवा डब्ल्यूएपी इंजिनं एचओ रुळांवर उभी केली की समोरून बघताना पाय जुळवून उभ्या राहिलेल्या पैलवानासारखी दिसतात. इंदूरकरांच्या मीटरगेजचं नशीब बरं, १२ मिलिमीटर रूळ १:८७ ला १०४४ होतो. आमच्या डभोईच्या जुन्या नॅरोगेजचा गेज ७६२. १८६२ साली तिथे बैल डबे ओढायचे, इंजिनं मागाहून आली. तो मी १:४८ मध्ये एचओच्याच रुळावर करतो. ७९२ भरतो, ३० चा फरक डोळ्याला कळत नाही.

तुमच्या ग्वाल्हेर लाइट रेल्वेचा गेज त्याहून लहान, ६१०. त्याचं तयार मॉडेल पेटीत मिळेल ही आशा सोडा. एनडीएम-५, म्हणजे तिचं डिझेल इंजिन, हवं असेल तर चेसी दुसऱ्याची आणि वरचा सांगाडा तुमच्या हातचा. आणि तो सांगाडा करणं, घासणं, रंगवणं म्हणजे शुद्ध स्टॅटिक मॉडेलिंग. तेव्हा रंगकाम येत नाही म्हणून रेल्वे, हा विचार असेल तर तो काढून टाका.

मोतीझील_लोकल
हे काका, तुम्ही चांगलंच कोंडीत पकडलंत. खरं सांगायचं तर मनात तोच विचार होता.

मला मुख्य गाड्यांमध्ये रस नाही. हवी आहे ती आमचीच. शहराच्या मधून, घरांच्या मागच्या भिंतींना चिकटून जाणारी, श्योपूरपर्यंत जवळजवळ दोनशे किलोमीटर रमतगमत नेणारी. २०२० ला बंद पडली आणि आता त्या बाजूला ब्रॉडगेज आलं.

मीटरगेज_इंदूर
दोनशे किलोमीटर एचओमध्ये सव्वादोन किलोमीटरच्या वर होतात. खोली कमी पडेल.

मस्करी सोडा. नॅरोगेजचा फायदा असा की वळणं कमी जागेत खरी वाटतात. एचओच्या साध्या संचातलं वळण १८ इंच त्रिज्येचं, म्हणजे प्रत्यक्षात ४० मीटर. आपल्या ब्रॉडगेजवर १७५ मीटरपेक्षा कमी त्रिज्येचं वळण चालत नाही. त्या १८ इंची वळणावर लांब एलएचबी डबे नेले की कोपरे बाहेर लटकतात आणि सगळी बनवाबनवी उघडी पडते. चालत्या मॉडेलमध्ये अशा तडजोडी खूप: चाकांच्या कडा जाड, कपलिंग अवाढव्य. स्टॅटिकवाले याच मुद्द्यावर नाक मुरडतात आणि त्यात त्यांचं चुकत नाही.

रंगारीण
नाक मुरडत नाही हो. फक्त जवळून बघतो.

कोथरूडकर
ग्वाल्हेरकरांनी रेल्वेला नाही म्हणणं शोभत नाही. जयविलासात जेवणाच्या टेबलावर चांदीची गाडी फिरते ना तुमच्याकडे?

मोतीझील_लोकल
फिरायची. इंग्लंडच्या बॅसेट-लोक कंपनीने केलेली. डब्यांवर एकेक अक्षर, मिळून शिंदे नाव इंग्रजीत. जेवण झालं की काचेच्या सुरयांमधून ब्रँडी, शिवाय सिगार, पाहुण्यांच्या समोरून जायची. कुणी सुरई उचलली की गाडी आपोआप थांबणार, परत ठेवली की पुढे निघणार. आता म्युझियममध्ये आहे. लहानपणी शाळेच्या सहलीत माझं लक्ष झुंबरांकडे नव्हतंच.

रंगारीण
म्हणजे सध्या ती स्टॅटिकमध्ये मोडते.

मीटरगेज_इंदूर
ताई, हे जरा जास्त होतंय. पण त्या गाडीत एक गोष्ट आहे: ती कामाची होती. वाढपी होती. नुसती गोल फिरली असती तर दुसऱ्याच दिवशी पाहुणे कंटाळले असते. घरच्या रेल्वेलाही काम द्यावं लागतं. गोल रूळ टाकून गाडी फिरवत बसणारे सहा महिन्यांत सगळं विकायला काढतात.

कमी जागेत काम द्यायचं तर शंटिंगचं कोडं घ्या. अॅलन राइट यांचं इंग्लनूक सायडिंग्ज नावाचं आहे. तीन फाटे, एकावर पाच वॅगन मावतात, बाकी दोनांवर तीन-तीन. एकूण आठ वॅगन. चिठ्ठ्या टाकून पाच निवडायच्या आणि त्याच क्रमाने गाडी लावायची. क्रम ६,७२० निघतात, जन्मभर पुरेल. फक्त दोन सांधे लागतात, आणि वर्तुळ नसल्यामुळे मधोमध टेबल घालून खोली अडवावी लागत नाही.

मोतीझील_लोकल
हे भिंतीच्या फळीवर होईल! बरं, हवेचं काय? माडी आहे. मे महिन्यात वर थांबवत नाही. कूलर लावतो. धूळ तर विचारूच नका.

रंगारीण
हवेबद्दल मात्र मला सविस्तर लिहू द्या, कारण यावर बाहेरचे व्हिडिओ काही कामाचे नाहीत.

पंचेचाळीस अंशांत अॅक्रिलिक रंग एअरब्रशच्या सुईच्या टोकावरच वाळतो. दोन फवारे मारले की टोकाला बारीक गुठळी, तिसऱ्या फवाऱ्याला शिंतोडे. रिटार्डरचे (रंग सावकाश वाळवणाऱ्या द्रवाचे) दोन थेंब घाला आणि सकाळी सहा ते आठ एवढंच काम करा. कूलर चालू असताना लॅकर मारू नका. ओलसर हवेत त्यावर पांढुरकी साय धरते, पावसाळ्यातही तेच. शिवाय कूलरच्या वाऱ्यात गवताचे तंतू येतात आणि बरोबर पंखाच्या मधोमध ओल्या वार्निशवर बसतात, कडेला कधी बसत नाहीत. मी रंगवून झालं की मॉडेलवर मिठाईचा रिकामा डबा पालथा घालते. गजकाचा सगळ्यात चांगला, खोल असतो.

तयार झालेली मॉडेल्स काचेच्या कपाटात, आणि पश्चिमेच्या खिडकीसमोर तर मुळीच नाही. उन्हाने रंग विटतात.

मीटरगेज_इंदूर
रेल्वेला याच हवेचा निराळा जाच. रूळ निकेल सिल्व्हरचे. तीन मीटरची सलग लांबी, हिवाळ्यातल्या पाच अंशांपासून उन्हाळ्यातल्या पंचेचाळीसपर्यंत, साधारण दोन मिलिमीटर वाढते. थंडीत रूळ टाकून रुळांचे सगळे जोड सोल्डरने पक्के केलेत तर मेमध्ये रूळ वाकडे होऊन उठतील. म्हणून थंडीत टाकताना मध्ये फटी सोडा आणि प्रत्येक तुकड्याला वायरने वेगळी वीज द्या. प्लायवूड त्याहून बेभरवशाचं, ते ओलीने फुगतं. खालून, वरून, कडांनाही वार्निश मारा.

धुळीचं म्हणाल तर चाकं वीज रुळातूनच घेतात. बारीक ठिणग्यांनी काळा थर बसतो, त्यावर धूळ, मग गाडी अडखळते. कपड्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून रूळ पुसायचे. सँडपेपर लावू नका, ओरखड्यांत मळ आणखी बसतो. डीसीसी (रुळातूनच प्रत्येक इंजिनाला वेगळी डिजिटल आज्ञा देणारी पद्धत) घेतलंत तर डीकोडरला कीप-अलाइव्ह कपॅसिटर जोडा, मळक्या जागेवरून गाडी तेवढी निभावून नेते.

कोथरूडकर
आणि लाइट गेल्यावर?

मीटरगेज_इंदूर
इन्व्हर्टर. १२ व्होल्टचा खेळ आहे, कितीशी वीज खाणार.

रंगारीण
एक हिशोब सुचला, म्हणून परत आले. डभोईकर काकांनी एचओचा रूळ १:४८ ला वापरला. तोच रूळ १:३५ ला वापरला तर? १६.५ गुणिले ३५ म्हणजे ५७७.५. ग्वाल्हेरचा गेज ६१०. मॉडेलवर फरक जेमतेम एक मिलिमीटरचा.

आणि १:३५ म्हणजे आमचा प्रांत! रणगाडे, ट्रक, सैनिक सगळं त्याच मापात. माणसं, सायकली, पिंपं, पोती, विटा, दारं-खिडक्या, जे मागाल ते मिळतं. एचओमधला माणूस १९ मिलिमीटरचा, त्याला चेहरा असा नसतोच. १:३५ मधला ४७ मिलिमीटर. त्याला मिशी काढता येते. तुम्हाला जवळचा चष्मा आहे म्हणालात, तोही प्रश्न मिटला.

डभोई_जंक्शन
वा. या मापाचा जन्मही मोटरपायीच झाला, हे किती जणांना माहीत आहे? १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तामियाने पँथर रणगाड्याचं चालतं किट काढलं. आत मोटर आणि बॅटऱ्या बसायला हव्यात, म्हणून रणगाडा तेवढा मोठा ठेवला. नंतर मोजलं तर १:३५ निघालं. पुढे तेच पायंडा म्हणून रूढ झालं आणि मोटर गळून गेली. तुम्ही मोटर परत घालाल, एवढंच.

कोथरूडकर
म्हणजे शेवटी दोन्ही करा हेच उत्तर. धागाकर्त्यांनी स्पष्ट मना केलं होतं.

शंका दोन. एचओची चेसी घेतलीत तर १:३५ च्या इंजिनाखाली चाकं फार बारीक दिसतील. आणि एचओ रुळाचे स्लीपर या मापात आगपेटीच्या काड्यांसारखे बारीक आणि दाट दिसतात. त्यावर १:३५ चा गँगमन उभा करून बघा.

मोतीझील_लोकल
दुसऱ्याचं उत्तर माझ्याकडे आहे. रूळ मीच जोडीन. तांब्याचा पत्रा लावलेल्या पीसीबीच्या पट्ट्या कापायच्या, दर काही इंचांवर खरा स्लीपर म्हणून ती पट्टी, मध्ये लाकडाच्या पट्ट्या. रूळ थेट तांब्यावर सोल्डर. प्रत्येक पट्टीवर मधोमध करवतीने बारीक खाच पाडून तांबं तोडायचं, नाहीतर डावा-उजवा रूळ एक होऊन शॉर्ट होईल. वरून खडी टाकली की तांबं दिसणार नाही. हे काम मला करायला आवडेल, हेच खरं.

डभोई_जंक्शन
मग पहिलीचंही होतं. एनडीएम-५ दोन बोगींचं (बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, खालची चाकांची फिरती चौकट) आहे, तेव्हा एचओचं छोटं दोन बोगींचं डिझेल शंटर शोधा, सगळ्या चाकांतून वीज घेणारं. बोगीच्या बाहेरच्या पट्ट्या प्लास्टिकशीटच्या करा आणि जरा खाली उतरवा. चाकांचा निम्मा भाग झाकला जातो. बघणारा चाकं मोजत नाही, इंजिनाचं नाक आणि खिडक्या बघतो.

मोतीझील_लोकल
आणि छतावरची माणसं! त्याशिवाय ती गाडी आमची नाहीच. छतावर इतकी गर्दी असायची की डबा वरून दिसायचा नाही. ती १:३५ मध्ये कशी करू?

रंगारीण
ही माझी बाजू. सैनिकांचे संच घ्या, बसलेले, आरामात टेकलेले, जेवणारे असेही मिळतात. हेल्मेटचं डोकं कापा, टोपी नसलेलं डोकं लावा. पट्टे, काडतुसांच्या पिशव्या चाकूने तासून काढा. धोतरासाठी पातळ टिश्यू पेपर, फेविकॉलमध्ये दुप्पट पाणी घालून त्यात भिजवायचा आणि चिमट्याने मांडीवरून ओढून घ्यायचा. पहिली घडी गुडघ्याच्या आतून बाहेर येते, बाकीच्या तिच्यामागोमाग आपोआप पडतात. ओला असताना बोट लावू नका, टूथपिकचं टोक वापरा. वाळला की चांगला कडक होतो. पगडीलाही तोच कागद, पिळून गुंडाळलेला. मान थोडी पुढे वाकवा, कारण छतावर बसलेला माणूस वारा चुकवत असतो, ताठ बसत नाही.

चेहऱ्यासाठी काळा वापरू नका, गडद तपकिरी घ्या. डोळ्यात पांढरा ठिपका तर अजिबात नको, सगळे दचकलेले दिसतात.

मीटरगेज_इंदूर
वजनाचं बघा मात्र. प्लास्टिकचा माणूस चार-पाच ग्रॅमचा. तीस बसवलेत तर सव्वाशे ग्रॅमच्या वर वजन डब्याच्या डोक्यावर, आणि खाली रूळ साडेसोळा मिलिमीटर. पहिल्याच सांध्यावर डबा आडवा होईल. माणसं खालून कोरून पोकळ करा, छत कागदाचं करा, आणि डब्याच्या तळाशी टायरवाल्याकडची बॅलन्सिंगची वजनं चिकटवा. धातूच्या आकृत्या छतावर नकोतच, त्या फलाटावर उभ्या करा. वेगही आवरा. ताशी ३० किलोमीटर म्हणजे या मापात सेकंदाला २४ सेंटीमीटर. याहून जोरात नेलीत तर खेळणं दिसेल.

मोतीझील_लोकल
ठरलं मग. एका भिंतीला तीन मीटरची फळी, ४० सेंटीमीटर रुंद, एक छोटं स्टेशन, मागे घरांच्या भिंती, इंदूरकरांचं शंटिंगचं कोडं. पैसे आले तसं इंजिन शेवटी. तोवर डबे हाताने ढकलीन.

एकच अडलंय. डब्याची मापं कुठून आणू? ड्रॉइंग मिळत नाहीये.

डभोई_जंक्शन
जुना फोटो शोधा, डबा किंवा इंजिन अगदी समोरून घेतलेला, रूळ दिसणारा. दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर ६१० मिलिमीटर हे तुम्हाला पक्कं माहीत आहे. छापताना ते अंतर ६१ मिलिमीटर येईल इतका मोठा करा. मग कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे खरा एक सेंटीमीटर. रुंदी, छताची उंची, खिडकीची कड, सगळं पट्टीने मोजता येतं. फक्त मोजायची वस्तू रुळांच्या त्याच पट्ट्यात असावी, मागची नको. लांबून घेतलेला फोटो चांगला, जवळून घेतला असेल तर वरचा भाग निमुळता होतो आणि उंची कमी भरते. लांबीसाठी बाजूचा फोटो, त्यात समोरून काढलेली उंची आधार म्हणून धरा.

रंगारीण
माझ्याकडे घोसीपुऱ्याचे काही फोटो आहेत, वडिलांनी काढलेले. एकात इंजिन जवळजवळ समोरून आहे. स्कॅन करून टाकते. रविवारी महाराज बाड्यावर येणार असाल तर उरलेले सैनिकही घेऊन येते, पलंगाखालची जागा तेवढीच मोकळी होईल.

कोथरूडकर
प्लाय १२ मिलिमीटरचं घ्या, ६ चं नको. आणि खाली दर दीड फुटाला आडवी पट्टी.